दिवा लागल्यावर बोलायचं

"दाजी, त्या बटणाला हात लावलात तर मी आत्ताच्या आत्ता उठून जाईन."

जयवंतदाजींचं बोट लॅपटॉपच्या पॉवर बटणावर टेकलेलं होतं. त्यांनी ते उचललं, पण फार लांब नेलं नाही.

"अगं, हँग झालाय तो. बंद करून चालू केला की होतंय व्यवस्थित. आमच्या ऑफिसात रोज करतो आम्ही."

"ऑफिसात करा. इथं नको."

माझं असं तोडून बोलणं गावाला माहीत होतं. एसटी स्टँडच्या भिंतीला लागून माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. 'मुजावरांची शमीम काम चांगलं करते, पण तोंड फार' अशी माझी ख्याती होती आणि ती मी कधी पुसायला गेले नाही. पण जयवंतदाजी म्हणजे माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचा, कमलचा नवरा. घरचे जावई. त्यांना असं बोललेलं कमलच्या आईला, हौसाकाकूंना, एरवी चाललं नसतं. त्या दिवशी त्यांनी ते चालवून घेतलं. पिठाचे हात तसेच धरून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. मिरजेला न्यायच्या भाकरी आत तव्यावर होत्या.

टेबलाशी खुर्चीत कमलचे वडील बसले होते. रघुनाथ ऐवळे, आमच्या स्टँडवरचे कंट्रोलर. मी आले तेव्हा त्यांनी 'ये' म्हणायला तोंड उघडलं होतं आणि नुसती हवा बाहेर आली होती. मग त्यांनी हातानंच बस म्हणून खुणावलं.

हा माणूस म्हणजे आमच्या गावचा आवाज होता. "फलाट क्रमांक दोनवर लागलेली गाडी, चिंचणी, शेळकेवाडी मार्गे बोरगावला जाईल" हे आम्ही शाळेच्या वर्गात बसून ऐकायचो. बोरगावची लागली की मधली सुट्टी जवळ आली. ऐवळेकाकांनी गाडी पुकारली की म्हातारी माणसं हातातला चहाचा कप अर्धा ठेवून उठायची. पाटी कुणी वाचत नव्हतं. काका म्हणाले ना, मग लागली.

आणि त्यांच्या घशात कॅन्सर निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मिरजेत ऑपरेशन होतं. स्वरयंत्र काढून टाकणार होते. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, माणूस वाचेल, आवाज वाचणार नाही.

आठवडाभर आधी काका माझ्या दुकानात आले होते. आवाज तेव्हाच खरवडल्यासारखा झाला होता. नव्या स्थानकप्रमुखांनी त्यांना सांगितलं होतं, जायच्या आधी सगळ्या गाड्या एकदा रेकॉर्ड करून द्या, आम्ही त्याच लावत जाऊ. काकांनी ऑपरेशनला होकार दिला तो त्यानंतर. तोवर नाहीच म्हणत होते.

"मी गप्प झालो तरी गाडी माझ्याच आवाजात सुटंल, शमे," ते म्हणाले होते. "मग काय, काढंनात का घसा."

त्यानंतर त्यांनी बोलणं बंद केलं. डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं, आवाज जपून ठेवा, नाहीतर ऐनवेळी निघायचा नाही. घरात खुणेनं पाणी मागायचे, खुणेनं मीठ. सगळा साठवून ठेवलेला आवाज त्या सकाळी त्यांनी लॅपटॉपसमोर बसून खर्च केला. पहाटेच्या पहिल्या गाडीपासून रात्रीच्या मुक्कामी गाडीपर्यंत, सगळी गावं, सगळे फलाट. मधे उठले नाहीत. शेवटची गाडी पुकारून झाली आणि आवाज संपला, तो संपलाच.

दाजी रेकॉर्डिंग थांबवायला गेले तर स्क्रीन मेलेली. खालची पट्टी गायब, सगळी चित्रं गायब, नुसता मागचा निळा रंग आणि त्यावर गोल गोल फिरणारं चक्र. रेकॉर्डिंगचा प्रोग्राम कुठं गेला ते कळेना. सेव्ह तर काहीच केलेलं नव्हतं. काकू चपला न घालता मला बोलवायला दुकानात आल्या होत्या.

"बंद केलं तर काय हुईल?" काकूंनी दारातून विचारलं.

"सेव्ह केलेलं नाही, काकू. बंद केलं की सकाळपासूनचं सगळं पुसलं जाईल."

"आणि न्हाई केलं तर?"

"बघू."

मला 'बघू' म्हणायला आवडत नाही. पण दुसरं काही खरं बोलता येण्यासारखं नव्हतं.

काकांनी माझ्या दंडाला हात लावला. डोळ्यांनी स्क्रीनकडे दाखवून त्यांनी हाताचा पंजा उलटा केला. काय झालंय ते सांग, असं. मी त्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं.

"काका, कंट्रोल रूमचा दरवाजा अडकला म्हणून गाड्या थांबतात का?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"तसंच आहे. आपल्याला दिसतं ते नुसतं पुढचं दार आहे. ते अडकलंय. आत रेकॉर्डिंग चालू असणार. आपण दार तेवढं काढून दुसरं बसवायचं, स्टँड पाडायचं नाही. दाजी स्टँड पाडायला निघाले होते."

काका हसले. आवाज न येता हसले. दाजीही ओशाळून हसले, तसे स्वभावानं गरीब होते ते. कमल थेट मिरजेला येणार होती, हे पुण्याहून रजा काढून आले होते, गाडी ठरवली होती, सासऱ्यांसाठी माइकसुद्धा त्यांनीच आणला होता. तो टेबलावर होता, वाकड्या मानेचा, बुडाशी बटण असलेला.

"मामांना स्टँडवरच्यासारखाच पाहिजे होता," दाजी म्हणाले. "बटणाचा, दिवा लागणारा. सगळ्या दुकानांत बिनबटणाचेच. शेवटी एकीकडं मिळाला."

स्टँडवरचा तो माइक मी लहानपणी पाहिला होता. कमलबरोबर काकांचा डबा घेऊन जायचे तेव्हा. बटण दाबलं की लाल दिवा लागायचा, काका गाडी पुकारायचे, पुन्हा बटण दाबून दिवा घालवायचे आणि मगच श्वास सोडायचे. त्यांच्या आधीचे कंट्रोलर एकदा दिवा घालवायचं विसरले होते आणि सासुरवाडीचा त्यांनी जो उद्धार केला तो सगळ्या स्टँडनं ऐकला होता. सासू फलाटावरच गाडीची वाट बघत बसलेली. तेव्हापासून काकांचा नियम होता, दिवा लागल्यावर बोलायचं, दिवा गेल्यावर जगायचं. आम्हा पोरींना तो त्यांनी धडा शिकवल्यासारखा शिकवला होता.

मी लॅपटॉप जवळ ओढला आणि तीन बटणं एकदम दाबली. आत काय काय चालू आहे त्याची यादी दाखवणारी ती छोटी खिडकी पुढचं दार अडकलेलं असलं तरी बहुतेक वेळा उघडते. बहुतेक वेळा. चक्र फिरत राहिलं. आत भाकरी करपल्याचा वास आला, तरी काकू हलल्या नाहीत.

खिडकी उघडली.

रेकॉर्डिंगचा प्रोग्राम यादीत होता. जिवंत होता. त्याच्या पुढचे आकडे बदलत होते, म्हणजे तो अजून ऐकत होता. त्याच्याखाली डेस्कटॉप सांभाळणारा प्रोग्राम, त्याच्यापुढं 'प्रतिसाद नाही'. मी तेवढाच निवडला. एक ओळ वर सरकली तर बोट चुकीच्या नावावर पडणार आणि मग मी आणि दाजी सारखेच.

"दोन मिनिटं कुणी बोलू नका," मी म्हणाले, आणि रीस्टार्ट दाबलं.

निळा रंगही गेला. स्क्रीन काळी झाली.

"गेलं," दाजी म्हणाले.

"गप बसा."

ते परत यायला हवं होतं. डोळ्याची पापणी लवते तेवढा वेळ लागतो एरवी. आलं नाही. काळ्या स्क्रीनवर ती छोटी खिडकी तेवढी उभी होती. मी त्या खिडकीतूनच नवीन काम सुरू करायचा रकाना उघडला, त्या प्रोग्रामचं नाव हातानं टाइप केलं आणि एंटर मारलं.

आधी खालची पट्टी आली. मग एकेक चित्र. मग पट्टीवर, कोपऱ्यात, रेकॉर्डिंगचा बारीक लाल ठिपका. मी तो उघडला. वेळ अजून पुढं सरकत होती. शेवटाला आमच्याच बोलण्याचे उंचसखल डोंगर उमटत होते. मी थांबवलं, सेव्ह केलं, पेन ड्राइव्हवर एक, माझ्या मोबाइलवर एक अशा दोन नकला काढल्या. मग हात मांडीवर ठेवले.

"निघालं," मी म्हणाले.

दाजींनी माझ्या पाठीवर थाप मारली, मग आपण काय केलं ते कळून हात मागं घेतला. काकूंनी पिठाचे हात माझ्या गालांवरून फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली.

"अल्ला तुझं भलं करंल गं पोरी," त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावत करपलेली भाकरी बघायला आत गेल्या.

काकांनी मला खूण केली. लाव.

मी सुरुवातीपासून लावलं. पंख्याची घरघर आली. खुर्ची कुरकुरली. काकांनी घसा साफ केला. मग बटणाचा आवाज, टक.

आणि काही नाही.

मी आवाज वाढवला. काहीच नाही, पंखासुद्धा नाही. थोड्या वेळानं पुन्हा टक, आणि पंखा परत आला. काकांचा लांब श्वास ऐकू आला. टक. पुन्हा सगळं बंद.

"स्पीकर बघ," दाजी म्हणाले.

मी पुढं सरकवलं. पंखा, पाण्याचा घोट, पेला टेबलावर ठेवलेला. टक, काही नाही. टक, पंखा. आणखी पुढं. रस्त्यावर कुणीतरी भंगारवाला ओरडत गेलेला अगदी स्पष्ट. टक, काही नाही. स्क्रीनवर आमच्या गोंधळाचे ते डोंगर फक्त शेवटाला होते. त्याच्या आधी सगळा सपाट रस्ता आणि त्यात बारीक बारीक खडे.

काकांना माझ्या आधी कळलं. त्यांनी हात पुढं करून माइकचं बटण दाबलं. लाल दिवा लागला. मी रेकॉर्डिंग उघडून माइकजवळ तोंड नेलं आणि 'हॅलो' म्हटलं. स्क्रीनवरची रेघ हलली नाही. त्यांनी पुन्हा दाबलं, दिवा गेला. मी काही बोलायच्या आत माझ्या श्वासानंच रेघ उसळली.

"म्हणजे काय?" दाजी म्हणाले.

"या माइकात लाल दिवा म्हणजे माइक बंद," मी म्हणाले. "बटण आवाज तोडायचं आहे. काकांनी प्रत्येक गाडीला आधी तो बंद केला, आणि पुकारून झाल्यावर चालू केला."

दाजी खाली बसले. खुर्ची नव्हती, जमिनीवरच बसले. "मी वाचलंच नाही," ते म्हणाले. "त्या खोक्यात कागद होता. मी म्हटलं, दिवा आहे, बटण आहे, मामांना पाहिजे तसाच आहे."

काकांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. नंतर तोच हात पुढं करून मला खूण केली, चालू कर. मी रेकॉर्डिंग चालू केलं. काका माइकसमोर ताठ बसले. त्यांचा अंगठा आपसूक बटणाकडं गेला, मधेच थांबला, आणि त्यांनी तो हात मांडीखाली दाबून धरला. तोंड उघडलं. ओठ 'फलाट' असे झाले. घशातून कागद फाटल्यासारखा आवाज आला. पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळी खोकला आला तो थांबेना. मी रेकॉर्डिंग बंद केलं. त्यांनी माझा हात धरून ते परत चालू करायला लावलं. मी केलं. काही आलं नाही.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. ड्रायव्हर कधीचा आला होता. अंधार व्हायच्या आत भरती व्हायला सांगितलं होतं.

काकू भाकरीचं गाठोडं आणि पिशवी घेऊन बाहेर आल्या. नवऱ्याचा लाल झालेला चेहरा त्यांनी पाहिला, जमिनीवर बसलेला जावई पाहिला. "काय झालं? निघालंय न्हवं सगळं?"

दाजींनी मान वर केली नाही. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून उघडले. मग काकूंकडं वळून त्यांनी मान हलवली. होय.

"निघालं, काकू," मी म्हणाले.

"मग चला. आल्यावर ऐकू निवांत." काकूंनी काकांच्या खांद्यावर टॉवेल टाकला. काका उठले. जाता जाता त्यांनी त्या माइकची वाकडी मान सरळ केली, स्टँडवर ड्यूटी संपल्यावर करायचे तशी.

मी त्या घरात एकटीच राहिले. कुलूप लावून किल्ली शेजारी द्यायची होती. जाण्याआधी मी जमिनीवर बसून रडले. यंत्र ठणठणीत होतं, माझं काम बिनचूक होतं, आणि त्यात काडीचा अर्थ नव्हता. दाजींनी लॅपटॉपचं ते बटण दाबलं असतं तर गाड्या मुळात उमटल्याच नव्हत्या हे निदान आम्हाला कळलं तरी नसतं, असंही मनात येऊन गेलं.

दिवाळीनंतर काका-काकू माझ्या दुकानात आले. काकांच्या गळ्यावर पांढरं फडकं होतं आणि त्याच्या आतून श्वास ये-जा करत होता. स्टँडवर तोवर यंत्र बसलं होतं. कुण्या बाईचा आवाज होता, स्वच्छ आणि शुद्ध. तिची काही चूक नव्हती. गाडी लागली की लोक पाटी वाचायला लागले होते.

"जावयानं सांगितलं मला मिरजंत," काकू म्हणाल्या. "तरी लाव. सगळं लाव. पहिल्यापासनं."

"काकू, त्यात काही नाहीये."

"असंल ते ऐकते. आणि मोठ्यानं लाव, मला कमी येतंय."

काका नको म्हणून हात हलवत होते. पण काकूंनी स्टूल ओढलं आणि शेजारच्या स्टुलावर त्यांनाही बसवलं. मी मोठ्यानं लावलं.

पंखा. खुर्ची. घसा साफ केला. टक.

शांतता सुरू झाली आणि काकांनी हात वर केला. दोन बोटं. त्यांचे ओठ हलू लागले. सावकाश, सगळ्या थांब्यांसकट. ओठ थांबले, आणि त्याच क्षणी स्पीकरमधून टक आलं.

"ही कुठली गं?" काकूंनी मला विचारलं.

"पहाटेची बोरगाव असेल. दोन नंबरची."

काकांनी होय म्हणून मान हलवली. पुन्हा टक. आता चार बोटं.

"ही?"

मी त्यांच्या ओठांकडं बघत काही गावं सांगितली. पुढं मला ओळखू येईनात. काकूंनी विचारायचं थांबवलं आणि नुसत्या त्यांच्या हाताकडं बघत राहिल्या. गिऱ्हाईक आलं, दारातून परत गेलं. बोटं वर होत होती, ओठ हलत होते, आणि एकदाही टक आधी झालं नाही की नंतर झालं नाही.

मुक्कामी गाडी शेवटची. काकांनी एक बोट वर केलं. ओठ हलले, थांबले. टक. पंखा परत आला आणि त्यामागून काकूंचा त्या दिवशीचा, स्वयंपाकघरातला आवाज. "झालं का?"

आणि मग त्यांचा. भरलेला, सबंध स्टँडला पुरणारा, एका शब्दापुरता.

"झालं."

मी रेकॉर्डिंग थांबवलं. पुढं आमचाच गोंधळ होता. काकांचं बोट तसंच वर राहिलं होतं. बाहेर चहाच्या गाड्यावर एक म्हातारा हातातला कप अर्धा ठेवून उठला, पिशवी उचलून फलाटाकडं चार पावलं गेला. तिथं गाडी नव्हती. थोडा वेळ तो उभा राहिला आणि मग परत येऊन बसला.